एकच वंशावळ, घरोघरचे संगणक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या मराठी घराण्यांत कुळवृत्तांताचं काम आता एका टेबलावर होत नाही. रामबागेत काकांच्या डेस्कटॉपवर एक फाइल, सुदामानगरात आत्याच्या लॅपटॉपवर दुसरी, पुण्याच्या पुतण्याकडे तिसरी, आणि अमेरिकेतल्या भाचीच्या मॅकवर चौथी. चारही फायलींचं नाव 'वंशावळ अंतिम'. हे पान अशा घराण्यांसाठी आहे. उदाहरणं ग्रॅम्प्स या मोफत प्रोग्रॅमची घेतली आहेत, कारण तो विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो. तुमच्याकडे दुसरा प्रोग्रॅम असला तरी अडचणी साधारण याच येतात.

आमच्याकडे चार फायली झाल्या आहेत. सुरुवात कुठून करायची?

आधी सगळ्यांचं काम थांबवा. घरच्या ग्रुपवर स्पष्ट लिहा की अमुक तारखेपर्यंत कुणीही नवी नोंद करू नये. मग प्रत्येकाची फाइल आहे तशी मागवून घ्या आणि एका फोल्डरमध्ये नाव-तारखेसह ठेवा. त्या फोल्डरला पुन्हा हात लावायचा नाही. उद्या वाद झाला तर तोच पुरावा.

मग त्यातली एक फाइल मूळ प्रत म्हणून निवडा. इथे बहुतेक घरांत मोठी फाइल निवडली जाते, आणि ते चुकतं. नावं दोनशे असोत की आठशे, ज्या फाइलीत 'ही माहिती कुठून मिळाली' हे लिहिलेलं आहे तीच मूळ प्रत. आत्याने शंभरच नावं भरली असतील, पण प्रत्येकापुढे लग्नपत्रिका, सनद, शाळेचा दाखला असं काही नोंदलं असेल, तर काकांच्या आठशे नावांपेक्षा ती फाइल भरवशाची.

उरलेल्या फायलींतली भर मूळ प्रतीत हाताने घालायची. 'हाताने' म्हटलं की पुतणे मंडळी हसतात. हसू द्या, पुढचा प्रश्न त्यांच्यासाठीच आहे.

दोन फायली इंपोर्ट केल्या की प्रोग्रॅम आपोआप जुळवत नाही का?

नाही. इंपोर्ट म्हणजे भर घालणं. आधीच्या फाइलीत आजोबा असतील आणि नव्या फाइलीतही असतील, तर इंपोर्टनंतर दोन आजोबा दिसतात, दोघांना स्वतंत्र बायका-मुलांसह. सारखी माणसं शोधून देणारी सोय ग्रॅम्प्समध्ये आहे, पण ती नाव आणि तारखा पाहून अंदाज करते. आपल्याकडे नेमका तोच अंदाज फसतो. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्यामुळे गोविंद विनायक, विनायक गोविंद, पुन्हा गोविंद विनायक अशी साखळी पिढ्यान्‌पिढ्या चालते. जन्मसाल माहीत नसेल तर आजोबा आणि नातू यांच्यात प्रोग्रॅमला फरक दिसत नाही. लग्नात बदललेलं नाव हा दुसरा घोळ. माहेरच्या शाखेच्या फाइलीत ती कमला, सासरच्या फाइलीत इंदिरा, आणि माणूस एकच. दत्तक गेलेल्यांचं तर विचारूच नका. जन्मदाते वडील एका शाखेत आणि दत्तक वडील दुसऱ्या शाखेत असले की एकच मुलगा दोन वेगळ्या बापांच्या नावाने दोनदा येतो.

म्हणून ओळख नावाने न करता क्रमांकाने करा. मात्र प्रत्येक संगणकावरचा प्रोग्रॅम नव्या माणसाला आपापला पुढचा क्रमांक देतो. त्यामुळे इंदूरला १२३ क्रमांकावर चुलतआजी आणि पुण्याला त्याच क्रमांकावर कुणाचा तरी जावई बसतो. आणि इंपोर्ट करताना एखादा क्रमांक आधीच वापरलेला असला तर प्रोग्रॅम नवा देतो, म्हणजे कागदावर लिहून ठेवलेला क्रमांकही बाद. यावर साधा उपाय आहे. सेटिंगमध्ये क्रमांकाआधीचं अक्षर बदलता येतं. इंदूरला एक अक्षर, पुण्याला दुसरं, अमेरिकेला तिसरं. क्रमांक कधी आपटणार नाहीत आणि नोंद कुणी केली हेही अक्षरावरून कळेल.

एकाच वेळी दोघांनी काम केलं तर?

एका पातेल्यात दोघींनी न विचारता मीठ घालावं तसं होतं. लेखणी एका वेळी एकाकडेच हवी. ज्याला काम करायचं त्याने ग्रुपवर 'लेखणी घेतली' लिहावं, मूळ प्रत उतरवून घ्यावी, काम करावं, नवी प्रत जागेवर ठेवावी आणि 'लेखणी ठेवली' लिहावं. लेखणी घेऊन कुणी महिनाभर गप्प बसला तर ती काढून घ्यायचा अधिकार घरातल्या एका माणसाला द्या, आणि तो माणूस आधीच ठरवा.

ग्रॅम्प्स उघडलेल्या फाइलीला कुलूप लावतं, पण ते त्या संगणकापुरतं. पुण्याच्या पुतण्याला इंदूरचं कुलूप दिसत नाही. खरोखरच चार जणांना एकाच वेळी बसायचं असेल तर ग्रॅम्प्स वेब हा पर्याय आहे. तो सर्व्हरवर चालतो आणि सगळे ब्राउझरमधून एकाच वंशावळीत काम करतात. त्यासाठी घरात सर्व्हर सांभाळणारा कुणीतरी हवा, आणि त्याची नोकरी बदलली तरी तो सांभाळत राहायला हवा.

फाइल गूगल ड्राइव्हवर किंवा ड्रॉपबॉक्समध्ये ठेवली की झालं ना?

चालू डेटाबेस त्यात ठेवू नका. आजचे बरेच वंशावळ प्रोग्रॅम आतून एसक्यूलाइट डेटाबेस वापरतात. तुम्ही काम करत असताना मुख्य फाइलीशेजारी तात्पुरत्या फायली तयार होतात, आणि अर्धी माहिती त्यांच्यात असू शकते. ड्राइव्हचा प्रोग्रॅम हे जाणत नाही. तो मुख्य फाइल उचलून पाठवतो आणि शेजारची मागे राहते. दुसऱ्या टोकाला उघडताना फाइल मोडकी निघते, किंवा त्याहून वाईट म्हणजे उघडते आणि दुपारचं काम गायब असतं.

बरोबर रीत अशी: डेटाबेस स्वतःच्या संगणकावरच ठेवायचा, काम संपलं की प्रोग्रॅममधून एक्सपोर्ट करायचा आणि ती एक्सपोर्ट केलेली फाइल ड्राइव्हवर टाकायची. ग्रॅम्प्सचं स्वतःचं एक्सपोर्ट वापरा. फोटोही सोबत हवे असतील तर त्याचं पॅकेज करता येतं.

दोघांनी एकाच नावाची फाइल बदलली तर ड्रॉपबॉक्स 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' अशी दुसरी फाइल ठेवतो आणि सिंकथिंग हा तशाच कामाचा प्रोग्रॅम नावात तारीख-वेळ घालून तेच करतो. अशी फाइल दिसली की ती डिलीट करायचा मोह होतो. करू नका, त्यात कुणाचं तरी एक दिवसाचं काम आहे.

आणि सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एका संगणकावरून उडवलेली फाइल इमानेइतबारे सगळीकडून उडते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस असते, पुढे नाही. दिवाळीला उडवलेली फाइल संक्रांतीला शोधून काही मिळत नाही.

दोन फायलींतली नवी कोणती हे तारखेवरून कळतं ना?

त्यावर विसंबू नका. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सेल संपला की घड्याळ मागच्या एखाद्या वर्षावर जातं, आणि आज केलेली फाइल दहा वर्षं जुनी दिसते. पेन ड्राइव्ह फॅट३२ प्रकारचा असेल तर तो वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांत आणि स्थानिक घड्याळाप्रमाणे नोंदतो. अमेरिकेतल्या भाचीने तो लावला की वेळा तासांनी सरकलेल्या दिसतात. शिवाय फाइल डाउनलोड केली की बहुतेक वेळा डाउनलोडचीच तारीख पडते.

तारीख फाइलीच्या नावात लिहा, आणि वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने, म्हणजे यादी आपोआप लागते. पुढे लेखणी कुणाकडे होती त्याचं आद्याक्षर. 'अंतिम', 'फायनल', 'एकदम फायनल' हे शब्द कायमचे बंद.

दोन प्रती तंतोतंत एकच आहेत का हे पाहायचं असेल तर शा-२५६ चेकसम, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून निघणारा एक लांब आकडा, काढा. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींत त्याची सोय मुळातच असते. एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं तरी सगळा आकडा बदलतो. मोठ्या स्कॅनच्या फोल्डरसाठी हे सोन्यासारखं आहे. एक्सपोर्ट केलेल्या फायलींना मात्र लावू नका. माहिती तीच असली तरी एक्सपोर्टची तारीख आत लिहिली जाते आणि आकडा वेगळा येतो.

नाव डोळ्यांना दिसतंय, पण शोधलं की सापडत नाही. असं का?

'कऱ्हाडे' हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा र तीन प्रकारे टाइप होतो. कुणाच्या कीबोर्डवर ऱ हे एकच अक्षर असतं, कुणाकडे र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं, तर कुणाकडे र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर तिन्ही सारखी दिसतात, पण संगणकाच्या लेखी शब्द वेगळे असू शकतात. वऱ्हाडपांडे, गोऱ्हे, कुऱ्हाडे, सगळ्यांची हीच कथा. 'ॲड.' मधल्या ॲचंही तसंच, एक अक्षर किंवा अ आणि चंद्र.

सगळ्या संगणकांवर एकच कीबोर्ड ठेवा, इनस्क्रिप्ट किंवा जे घरात रुळलं असेल ते. आधीच झालेला घोळ निस्तरायला एक्सपोर्ट केलेल्या फाइलीत शोधा-आणि-बदला करून एकच रूप ठेवा. जुन्या मॅकची डिस्क फाइलीच्या नावातलं ऱ स्वतःच फोडून र आणि नुक्ता करत असे. तिथून आलेल्या फोटोंची नावं एकदा तपासून घ्या.

जेडकॉम फाइल पाठवली तर समोरच्याला प्रश्नचिन्हं दिसतात.

एक्सपोर्ट करताना यूटीएफ-८, म्हणजे देवनागरीही सामावणारी अक्षरव्यवस्था, निवडलेलं नाही. जेडकॉम ही वेगवेगळ्या वंशावळ प्रोग्रॅमांत माहितीची देवाणघेवाण करायची पद्धत १९८४ मधली, आणि तिच्या जुन्या आवृत्त्यांची अक्षरव्यवस्था रोमन लिपीच्या भाषांसाठी होती. देवनागरीला तिथे जागा नाही. ५.५.१ किंवा २०२१ ची ७.० ही आवृत्ती वापरा. प्रश्नचिन्हं झालेल्या फाइलीतून नावं परत मिळत नाहीत, त्यामुळे ती सेव्ह करून पुढे पाठवू नका. मूळ संगणकावरून पुन्हा मागवा.

हरि की हरी? शिंदे की शिन्दे?

इंदूरला हा प्रश्न जास्त. हिंदी शाळेत शिकलेली पिढी 'शिन्दे' लिहिते, जुन्या कागदांत 'हरि' असतं, आजच्या मराठी नियमाने 'हरी'. मुख्य नावासाठी घराण्याने एक नियम करावा आणि कागदावरचं रूप पर्यायी नाव म्हणून जसंच्या तसं ठेवावं. नियम कोणता, यावर फार वेळ घालवू नका. एकच असला म्हणजे पुरे.

दोन भावांनी एकाच आजीची दोन वेगळ्या महिन्यांतली तिथी लिहिली आहे. खरी कोणती?

बहुधा दोन्ही खऱ्या. माळव्यात राहणाऱ्या मराठी घरांचा हा खास गुंता आहे, आणि कुठलाही प्रोग्रॅम तो सोडवत नाही.

मराठी पंचांगाचा महिना अमावास्येला संपतो, तर इथल्या हिंदी पंचांगाचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षाला दोन्हीकडे महिन्याचं नाव एकच असतं. वद्य पक्ष आला की हिंदी पंचांग एक महिना पुढे असतं. महाशिवरात्र आपल्याकडे माघ वद्य चतुर्दशी आणि शेजाऱ्यांकडे फाल्गुन कृष्ण चतुर्दशी, दिवस तोच. सर्वपित्री आपली भाद्रपदातली, त्यांची आश्विनातली. आता आजी गेल्या तेव्हा थोरल्याने घरच्या पंचांगात पाहून लिहिलं, धाकट्याने स्मशानातून आल्यावर भिंतीवरच्या हिंदी कॅलेंडरात. दोघेही आपल्या फाइलीवर अडून बसतात आणि मूळ प्रत सांभाळणारा एक तिथी खोडतो. त्याने खोडलेली तिथीही बहुधा बरोबरच असते.

म्हणून तिथी वद्य किंवा कृष्ण पक्षातली असेल तर पंचांग कोणतं ते सोबत लिहाच. 'वद्य', 'कृष्ण', 'बदी' हा मूळ शब्दही तसाच ठेवा, त्यावरून पुष्कळदा उलगडा होतो.

सालाचीही तीच गत. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना पाठ असतं. पण शक चैत्रात सुरू होतो, त्यामुळे जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. पानिपतची लढाई शके १६८२, पौष शुद्ध अष्टमीची. ७८ मिळवले तर १७६० येतं. खरी तारीख १४ जानेवारी १७६१. पानिपतावर पडलेला पूर्वज असलेल्या घराण्यांत एका फाइलीत १७६० आणि दुसरीत १७६१ दिसलं तर कारण बहुधा हेच. मोडी कागदांतला शुहूर सन मृगापासून सुरू होतो. त्यात डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवायचे. लढाईचं वर्ष त्या गणतीने ११६१. विक्रम संवतातून चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ५७ वजा करा, पुढे ५६.

ग्रॅम्प्समध्ये ज्यू, इस्लामी, पर्शियन अशी बरीच कॅलेंडरं आहेत, शक त्यांत नाही. तेव्हा मूळ तिथी मजकूर म्हणून जशीच्या तशी लिहा आणि इंग्रजी तारीख वेगळ्या नोंदीत, 'गणिताने काढलेली' अशा खुणेसह. कुणी गणित सुधारलं तरी मूळ नोंद शाबूत राहते.

मूळपुरुष कोण, यावरच शाखांचं एकमत नाही. मूळ प्रतीत काय लिहायचं?

दोन्ही लिहायचं. एक शाखा म्हणते पूर्वज मल्हाररावांच्या फौजेबरोबर माळव्यात आले, दुसरी म्हणते ते महेश्वरला होते आणि १८१८ मध्ये राजधानी इंदूरला आली तेव्हा इथे आले. दोन्ही शक्य आहे, दोन वेगळे भाऊही असू शकतील. प्रत्येक म्हणण्यापुढे आधार लिहा: सनद, उज्जैनच्या किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतली नोंद, की 'आजी सांगायची'. शेवटचा आधारही आधारच आहे, फक्त तो तसा लिहिलेला असावा. लेखणी हातात आहे म्हणून दुसऱ्या शाखेचं म्हणणं पुसायचा हक्क कुणालाच नाही. फायली फुटतात त्या तांत्रिक कारणांपेक्षा या कारणाने जास्त. ज्याचं पुसलं गेलं तो आपली वेगळी फाइल काढतो, आणि मग पुन्हा चार.

फोटो आणि सनदांचे स्कॅन दुसऱ्या संगणकावर दिसत नाहीत.

वंशावळीत फोटो नसतो, फोटोचा पत्ता असतो. काकांच्या संगणकावरचा सी ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ता भाचीच्या मॅकला निरर्थक आहे. सगळे स्कॅन एका फोल्डरमध्ये ठेवा, प्रोग्रॅममध्ये तो पायाभूत फोल्डर म्हणून सांगा आणि पत्ते त्याच्यापासून सुरू होणारे करा. ग्रॅम्प्सच्या मीडिया मॅनेजरमध्ये ते एकदम बदलता येतात.

नावं छोटी ठेवा. लिनक्सवर फाइलीचं नाव २५५ बाइटांपर्यंत चालतं आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे ८५ चिन्हं. 'पणजोबांना मिळालेल्या इनामाची सनद' एवढं चालतं, पण याच्या तिप्पट लांबीची वाक्यं विंडोजवर चालतात आणि लिनक्सवर अडतात. तिरकी रेघ, विसर्गासारखं दिसणारं कोलन आणि प्रश्नचिन्ह विंडोजला चालत नाही.

ए४ आकाराचं रंगीत पान ३०० डीपीआयला न दाबता ठेवलं तर सुमारे २५ एमबी, ६०० डीपीआयला १०० एमबीच्या आसपास. म्हणजे अशी दीडशे पानं झाली की गूगलची १५ जीबी मोफत जागा संपली, आणि त्यातच जीमेलही बसलेलं असतं. ६०० ची मूळ स्कॅन हार्ड डिस्कवर, फिरती प्रत जेपेगमध्ये. व्हॉट्सॲपवर पाठवायचंच तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर मोडीची बारीक वळणं पुसली जातात.

जुना वृत्तांत कृतिदेवमध्ये टाइप केलेला आहे. तो घालता येईल?

थेट नाही. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी हे फाँट रोमन अक्षरांवर मराठीचं चित्र चढवतात. फाँट नसलेल्या संगणकावर नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या आणि नावं व आकडे छापील पानाशी ताडून पाहा. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास सरकते.

सगळ्यांकडे एकच आवृत्ती हवी का?

हो. नव्या आवृत्तीत उघडलेली फाइल जुनीत परत जात नाही. अपडेट सगळ्यांनी एकाच आठवड्यात करावं.

पेन ड्राइव्हवर एक प्रत आहे. पुरे ना?

पुरे नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. पुण्याला पुतण्या आहे, तर घराबाहेरची प्रत त्याच्याकडे. वर्षातून एकदा ती उघडून पाहा.

सगळं एखाद्या जागतिक संकेतस्थळावरच का टाकू नये?

फॅमिलीसर्चवर सगळ्यांचं मिळून एकच झाड असतं आणि गेलेल्या माणसांची नोंद कुणीही बदलू शकतं. ते ज्यांना चालतं त्यांनी जरूर टाकावं, पण मूळ प्रत घरीच ठेवून. जिवंत माणसांची माहिती मात्र वगळून पाठवा. एक्सपोर्ट करताना तशी खूण असते. आईचं माहेरचं आडनाव आणि जन्मतारीख यांवर अजूनही बरीच खाती उघडतात.

फोनवर काम करता येईल?

पाहायला आणि फोटो काढायला फोन उत्तम. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या मावशीने काही सांगितलं तर तिथेच आवाज रेकॉर्ड करा, तारीख आणि मावशीचं नाव बोलून ठेवा. नोंद नंतर, लेखणी घेतल्यावर.